दूरस्थ संगणकप्रवेशाचा इतिहास : अंतर, पडदा आणि परवानगी

१. प्रस्तावना

संगणकाचा इतिहास सांगताना यंत्राचा वेग, स्मृतीची क्षमता आणि घटत जाणारी किंमत यांच्याकडे प्रामुख्याने लक्ष वेधले जाते. यंत्रापासून दूर बसून त्याचा वापर करण्याची सोय हा या इतिहासाचा तितकाच जुना, परंतु तुलनेने दुर्लक्षित धागा आहे. आज आपण घरी बसून कार्यालयातील संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणतो व तेथील धारिका उघडतो. 'रिमोट डेस्कटॉप' या नावाने ही सोय परिचित आहे. ती कार्यान्वित करण्यासाठी संगणकाच्या मांडणीत एका चौकटीवर खूण करावी लागते. वरकरणी ही बाब अगदी किरकोळ वाटते. तथापि त्या एका खुणेमागे आठ दशकांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे.

दूरस्थ प्रवेशाच्या इतिहासात अंतरावर मात करणे ही समस्या तुलनेने लवकर सुटली. दीर्घकाळ अनुत्तरित राहिलेला प्रश्न निराळा होता. दूरवरून येणारी व्यक्ती कोण आहे, तिला आत येऊ देण्याचा अधिकार कोणाचा आणि एकदा दिलेली परवानगी परत केव्हा घ्यावयाची, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या अनुषंगाने दूरस्थ प्रवेशाच्या वाटचालीचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) दूरस्थ संगणकप्रवेशाच्या विकासातील प्रमुख टप्पे कालक्रमानुसार मांडणे.
२) प्रत्येक टप्प्यावर परवानगी व ओळख यांविषयीची कल्पना कशी बदलत गेली हे स्पष्ट करणे.
३) या इतिहासातून महाविद्यालयीन संगणकव्यवस्थेसाठी काय बोध घेता येईल याचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तांत्रिक तपशील आवश्यक तेवढाच दिला आहे.

३. आरंभ : दूरमुद्रकापासून जाळ्यापर्यंत

११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील हॅनोव्हर येथील डार्टमथ महाविद्यालयात अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा भरली होती. बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तेथे एक दूरमुद्रक आणून ठेवला होता. त्यांचे संमिश्र संख्यांची गणिते करणारे यंत्र मात्र शेकडो किलोमीटर दूर न्यूयॉर्क शहरातच होते. दूरमुद्रकावर गणित टंकित केले की ते तारेने न्यूयॉर्कला जाई आणि उत्तर त्याच मार्गाने परत येऊन कागदावर उमटे. सभेस आलेल्या नॉर्बर्ट वीनर व जॉन मॉक्ली यांनी हे यंत्र स्वतः चालवून पाहिले. मॉक्ली हे पुढे 'एनिॲक' या संगणकाचे एक शिल्पकार ठरले. दूरवरून गणनयंत्र वापरण्याचे हे पहिले जाहीर प्रात्यक्षिक मानले जाते. तार एकच होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे ओळख पटविण्याचा प्रश्नच येथे उद्भवला नाही.

एकच संगणक अनेक जण एकाच वेळी वापरू लागले तेव्हा हा प्रश्न प्रथम निर्माण झाला. नोव्हेंबर १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटी येथे फर्नांडो कॉर्बातो यांनी कालविभाजन पद्धतीच्या 'सीटीएसएस' या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. या पद्धतीत संगणक आपला वेळ अनेक वापरकर्त्यांमध्ये इतक्या झपाट्याने वाटून देतो की प्रत्येकाला संपूर्ण यंत्र आपल्याच सेवेत असल्यासारखे वाटते. परंतु यंत्र सामाईक असले तरी प्रत्येकाच्या धारिका खाजगी राहणे आवश्यक होते. त्यासाठी प्रत्येक वापरकर्त्याला संकेतशब्द देण्यात आला.

संकेतशब्दाच्या मर्यादाही याच प्रणालीत दिसून आल्या. १९६६ मध्ये दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या धारिकांवर काम करीत होते. एक होती वापरकर्त्यांसाठीच्या दैनंदिन सूचनेची, तर दुसरी सर्वांच्या संकेतशब्दांची. संपादनाच्या वेळी तयार होणाऱ्या तात्पुरत्या धारिकेचे नाव एकच असल्यामुळे दोहोंची अदलाबदल झाली. परिणामी, प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकासमोर सूचनेऐवजी सर्वांचे संकेतशब्द छापले जाऊ लागले. कुलूप चांगले असूनही किल्ल्यांचा जुडगा चव्हाट्यावर यावा, तसा हा प्रकार होता. यात कोणीही घुसखोर नव्हता. व्यवस्थापनातील एक चूक त्यास पुरेशी ठरली.

यानंतरचा टप्पा निरनिराळ्या संगणकांना परस्परांशी जोडण्याचा होता. अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'अर्पा' या संस्थेतील अधिकारी रॉबर्ट टेलर यांच्या कार्यालयात १९६६ मध्ये तीन स्वतंत्र टर्मिनले होती. एक सांता मोनिकाच्या, दुसरे बर्कलेच्या आणि तिसरे एमआयटीच्या संगणकाशी जोडलेले होते. प्रत्येकाची प्रवेशाची रीत वेगळी होती. एकाच टर्मिनलवरून कोठेही जाता यावे, या विचारातून 'अर्पानेट' या जाळ्याला चालना मिळाली.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास या जाळ्यावरून पहिला संदेश गेला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकात प्रवेश करू पाहत होता. त्यासाठी 'लॉगिन' हा शब्द टंकित करावयाचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. साधारण तासाभराने प्रयत्न सफल झाला. ज्या जाळ्यातून पुढे आजचे इंटरनेट विकसित झाले, त्यावरील पहिली कृती पत्र पाठविण्याची नव्हती. ती दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश मागण्याची होती, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

४. विश्वासाचा काळ आणि त्याची अखेर

अर्पानेटवर दूरस्थ प्रवेशासाठी 'टेलनेट' हा संकेत विकसित झाला. मे १९८३ मध्ये त्याचे प्रमाणित रूप प्रसिद्ध करण्यात आले. टेलनेटमध्ये वापरकर्त्याने दाबलेली प्रत्येक कळ, संकेतशब्दासह, उघड्या स्वरूपात जाळ्यावरून जात असे. मार्गात कोणी कान देऊन बसले असेल तर त्याला सारे काही वाचता येई. त्या काळी जाळ्यावरील मंडळी मोजकी होती. बहुतेक विद्यापीठांतील व संशोधन संस्थांतील असल्याने परस्परविश्वास गृहीत धरला जात असे. याच सुमारास युनिक्स प्रणालीच्या बर्कले आवृत्तीत 'आरलॉगिन' ही सोय आली. तिच्यात तर एका संगणकाने दुसऱ्यास विश्वसनीय ठरविले की संकेतशब्दही मागितला जात नसे.

या विश्वासाला पहिला मोठा धक्का १९८६ मध्ये बसला. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतील खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे संगणक वापराच्या हिशेबातील ७५ सेंटची तफावत शोधण्याचे काम आले. तिचा माग काढताना एक अनोळखी इसम प्रयोगशाळेच्या संगणकातून लष्करी संगणकांपर्यंत जात असल्याचे उघडकीस आले. तो इसम पश्चिम जर्मनीत बसलेला होता. पुढे २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या 'वर्म'ने हजारो संगणक बेजार केले. पसरण्यासाठी त्याने अवलंबिलेल्या मार्गांत सोपे संकेतशब्द ओळखणे आणि संगणकांमधील पूर्वमान्य विश्वासाचा गैरफायदा घेणे हे दोन मार्ग होते.

१९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर संकेतशब्द टिपून घेण्याचा प्रकार घडला. त्यानंतर तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी 'एसएसएच' हा संकेत तयार केला. त्यात संपूर्ण संभाषण कूटबद्ध होऊन जाते. शिवाय आपण ज्या संगणकाशी बोलत आहोत तो खरोखर तोच आहे काय, हेही पडताळता येते. परवानगी केवळ येणाऱ्याने सिद्ध करावयाची नसून यजमान यंत्रानेही आपली ओळख पटवावी, ही कल्पना यातून रूढ झाली.

५. पडद्याचे स्थलांतर

येथवरचा प्रवेश अक्षरांपुरता मर्यादित होता. संपूर्ण चित्रमय पडदा दूरवर नेण्याची कल्पनाही मात्र जुनीच आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी माउस, खिडक्या व सामाईक पडदा यांचे प्रात्यक्षिक दाखविले. त्यांचा संगणक मेन्लो पार्क येथे होता. पडद्यावरील दृश्य सूक्ष्मलहरींच्या दुव्याने सभागृहात आणले गेले. तेथूनच सहकारी बिल पॅक्स्टन त्याच पडद्यावर सहभागी झाले.

ही कल्पना व्यवहारात येण्यास दीड दशक लागले. एमआयटी येथे १९८४ मध्ये 'एक्स विंडो' प्रणालीचा आरंभ झाला. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. या प्रणालीत कार्यक्रम एका संगणकावर चालतो आणि रेषा, अक्षरे, चौकटी काढण्याच्या आज्ञा जाळ्यावरून दुसऱ्या पडद्याकडे जातात. केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत विकसित झालेल्या 'व्हीएनसी'ने याहून सोपा मार्ग स्वीकारला. पडद्याचा जो भाग बदलला असेल तेवढ्याच आयताकृती तुकड्याचे चित्र पाठवावयाचे, आणि उलट दिशेने कळफलक व माउसच्या हालचाली आणावयाच्या. १९९८ मध्ये ही प्रणाली सर्वांसाठी मुक्तपणे उपलब्ध झाली आणि निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांवर चालत असल्याने वेगाने पसरली.

विंडोजच्या जगात ही वाट सिट्रिक्स या कंपनीने घालून दिली. तिने १९९५ मध्ये 'विनफ्रेम' हे उत्पादन बाजारात आणले. त्यामुळे एकाच विंडोज यंत्रावर अनेकांना दुरून काम करता येऊ लागले. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सचे हे तंत्र परवान्याने घेतले आणि १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची 'टर्मिनल सर्व्हर' आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यासोबत 'रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल', म्हणजेच 'आरडीपी' हा संकेत आला.

६. एका खुणेचा अर्थ : विंडोज एक्स्पी, २००१

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्स्पी बाजारात आली. तिच्या 'प्रोफेशनल' आवृत्तीमुळे रिमोट डेस्कटॉपची सोय सामान्य मेजावरील संगणकापर्यंत पोहोचली. 'होम' आवृत्तीतून दुसऱ्या संगणकाकडे जाता येत असे. त्या संगणकात मात्र याच मार्गाने कोणाला येता येत नसे. ही सोय मूळ मांडणीत बंद ठेवलेली होती, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. ती सुरू करण्यासाठी 'माय कॉम्प्युटर'वर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मधील 'रिमोट' या पानावर जावे लागे आणि तेथील चौकटीत खूण करावी लागे. हे काम प्रशासकाचे अधिकार असलेल्या व्यक्तीलाच करता येई.

त्या खुणेसोबत आणखी काही अटी होत्या. पहिली, प्रशासक वगळता इतरांना प्रवेश द्यावयाचा तर त्यांची नावे 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' या गटात मुद्दाम घालावी लागत. दुसरी, संकेतशब्द नसलेल्या खात्याने दुरून प्रवेश करता येत नसे. तिसरी, ऑगस्ट २००४ च्या दुसऱ्या सेवासंचापासून संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, आपोआप सुरू राहू लागली. तीतून या सोयीपुरती वाट मोकळी ठेवावी लागे. ही वाट ३३८९ क्रमांकाच्या पोर्टची होय. चौथी, संस्थेच्या अंतर्गत जाळ्यातील संगणकाचा पत्ता बाहेरच्या जगाला दिसत नसल्याने बाहेरून यावयाचे तर राउटरवर ते पोर्ट पुढे वळवावे लागे, अथवा व्हीपीएनचा आधार घ्यावा लागे. थोडक्यात, वाड्याचा दिंडी दरवाजा उघडण्यासाठी एकामागून एक अनेक आगळा काढाव्या लागत.

एक्स्पीमध्ये 'रिमोट असिस्टन्स' ही आणखी एक सोय होती. दोहोंतील भेद परवानगीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. साहाय्याच्या सोयीत संगणकासमोर बसलेली व्यक्ती स्वतः निमंत्रण पाठविते. पडदा दोघांनाही दिसतो व ती केव्हाही संबंध तोडू शकते. रिमोट डेस्कटॉपमध्ये मात्र दूरची व्यक्ती आत आली की यजमान संगणकाचा पडदा कुलूपबंद होतो. समोर कोणी बसलेले असण्याची आवश्यकताच नसते. पहिली परवानगी प्रसंगापुरती आहे, तर दुसरी कायमची. खूण काढीपर्यंत ती चालूच राहते.

पुढील काळात अटी अधिक कडक झाल्या. विंडोज व्हिस्टापासून 'नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन' ही पद्धत आली. तीत दूरचा पडदा दिसण्यापूर्वीच येणाऱ्याची ओळख पटवावी लागते. विंडोज १० व ११ मध्ये ही खूण 'सेटिंग्ज'मधील 'रिमोट डेस्कटॉप' या पानावर गेली. स्थान बदलले, तत्त्व तेच राहिले.

७. उघड्या राहिलेल्या वाटा

असे असूनही वाटा उघड्या राहिल्या आणि त्यांचा शोध घेणारेही निर्माण झाले. ऑगस्ट २०११ मध्ये 'मोर्टो' हा वर्म आढळला. तो रिमोट डेस्कटॉप सुरू असलेले संगणक शोधून त्यांच्यावर नेहमीचे सोपे संकेतशब्द चालवून पाहत असे. २०१६ मध्ये 'मिराई'ने कॅमेरे व राउटर यांसारख्या उपकरणांत टेलनेटद्वारे प्रवेश केला. कारखान्यातून आलेले संकेतशब्द कोणी बदललेच नव्हते, हे त्याच्या यशाचे कारण होय. एका अर्थी १९८३ च्या विश्वासाची किंमत तीन दशकांनंतर चुकवावी लागली.

मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' या नावाने ओळखला जाणारा दोष उघड झाला. जुन्या विंडोज आवृत्त्यांतील रिमोट डेस्कटॉप सेवेमध्ये संकेतशब्दावाचूनही शिरकाव करता येईल असा तो दोष होता. एक्स्पीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेले असूनही मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी दुरुस्ती प्रसिद्ध केली, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात येते. अशा दोषात खुणेचा प्रश्न पुन्हा मूळपदावर येतो. सेवा बंद असलेल्या संगणकाला या दोषाची बाधा नव्हती.

८. भारतीय संदर्भ

भारतात दूरस्थ प्रवेशाचा इतिहास उद्योग व शिक्षण या दोन्ही क्षेत्रांशी निगडित आहे. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूर येथे केंद्र स्थापन केले आणि उपग्रहाच्या दुव्याने ते अमेरिकेशी जोडले गेले. पुढे पुणे, बंगळूर व भुवनेश्वर येथील सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांनी असे दुवे लहान कंपन्यांनाही उपलब्ध करून दिले. परदेशातील यंत्र येथून चालविणे हा आपल्या संगणक व्यवसायाचा पाया ठरला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळातील 'शेल अकाउंट' अनेक प्राध्यापकांना आठवत असेल. मोडेमने दूरध्वनी लावावयाचा आणि निगमच्या युनिक्स संगणकात प्रवेश करून काळ्या पडद्यावर अक्षरांतच पत्रे वाचावयाची. आपला संगणक त्या वेळी केवळ टर्मिनलचे काम करीत असे. अर्थात आपल्यापैकी अनेकांचा इंटरनेटशी पहिला परिचय हा दूरस्थ प्रवेशच होता.

कायद्यानेही परवानगीलाच मध्यवर्ती स्थान दिले. १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य ठरते. अशी कृती अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार ती शिक्षेस पात्र आहे. परंतु परवानगी फसवणुकीने मिळविली तर काय, हा प्रश्न व्यवहारात सतावतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशाच प्रकाराबाबत सावध केले होते. त्यात ग्राहकाला दूरस्थ नियंत्रणाचे ॲप घ्यावयास लावून, त्याच्याकडूनच त्या ॲपचा क्रमांक मिळविला जाई आणि खात्यातील पैसे काढले जात. येथे कोणतेही कुलूप तोडले जात नाही. ग्राहक स्वतःच दार उघडतो.

२५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत ही सोय महाविद्यालयांत शिरली. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका महाविद्यालयात परीक्षा विभागाच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉप सुरू करण्यात आले. विभागातील लिपिक गावी अडकले होते. त्यांनी तेथून गुणपत्रकांचे काम पूर्ण केले आणि विद्यार्थ्यांचे निकाल खोळंबले नाहीत. या सोयीचे मोल त्या दिवसांत सर्वांनाच पटले. मात्र दोन वर्षांनी तो संगणक बदलण्याची वेळ आली तेव्हा ती खूण तशीच असल्याचे आढळले. राउटरवरील वाटही मोकळी होती. मदतीसाठी आलेल्या बाहेरच्या तंत्रज्ञाचे खातेही प्रशासकाच्या अधिकारांसह कायम होते. ती वाट कोणी उघडली याची कोठेही नोंद नव्हती. ती बंद करणे हे कोणाचे काम, हे तर ठरलेलेच नव्हते. सुदैवाने काही विपरीत घडल्याचे दिसून आले नाही. परंतु शेकडो विद्यार्थ्यांचे गुण दोन वर्षे केवळ सुदैवाच्या भरवशावर होते, असे म्हणावे लागेल.

९. निष्कर्ष

१) दूरवरून संगणक चालविण्याची क्षमता १९४० मध्येच सिद्ध झाली होती. त्यानंतरच्या विकासाचा मोठा भाग ओळख व परवानगी यांच्या व्यवस्थेचा आहे.
२) १९६६ मधील एमआयटीची घटना, 'मोर्टो' व 'मिराई' यांत तांत्रिक दोषाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वाटा व्यवस्थापनातील दुर्लक्षाचा होता.
३) विंडोज एक्स्पीपासून ही सोय मूळ मांडणीत बंद असते. त्यामुळे ती सुरू करणे हा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय ठरतो आणि त्याची जबाबदारी निर्णय घेणाऱ्याकडे जाते.
४) प्रसंगापुरती परवानगी व कायमची परवानगी यांतील भेद संस्थांच्या पातळीवर पुरेसा ओळखला गेलेला नाही.

महाविद्यालयात साठवणूक नोंदवही असते, किल्ल्यांची नोंद असते आणि प्रयोगशाळेचे कपाट कोणाच्या ताब्यात आहे हे कागदावर लिहिलेले असते. दूरस्थ प्रवेशासाठी अशीच एक साधी नोंद ठेवणे अवघड नाही. कोणत्या संगणकावर, कोणासाठी, कोणाच्या आदेशाने व किती तारखेपर्यंत, एवढे चार रकाने त्यासाठी पुरेसे आहेत. त्याला सबळ संकेतशब्द, वेळच्या वेळी केलेली अद्ययावत दुरुस्ती आणि थेट उघड्या पोर्टऐवजी व्हीपीएनचा वापर यांची जोड द्यावी. ही सोय नाकारणे हा उपाय नव्हे. टाळेबंदीतील निकाल तिच्यामुळेच वेळेवर लागले. मात्र ज्या दिवशी काम संपेल त्या दिवशी ती खूण काढणे हेही त्याच कामाचा भाग मानले गेले पाहिजे.